दुबई मॉल, पण गुडघे सांभाळून

भारतातून दुबईला येणाऱ्यांच्या कार्यक्रमात एक ओळ ठरलेली असते: ‘सायंकाळी दुबई मॉल, दोन तास’. हा दोन तासांचा हिशोब कुणी काढला कोण जाणे. एवढ्या वेळात मेट्रोतून उतरून कारंज्यापर्यंत पोचता येतं, गर्दीत टाचा उंचावून एक गाणं बघता येतं आणि धापा टाकत परत येता येतं. मॉल बघायचा राहतो तो राहतोच.

४ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेला हा मॉल एमार कंपनीचा, बुर्ज खलिफाच्या अगदी पायथ्याशी. बाराशेच्या वर दुकानं आणि एकूण बांधकाम सुमारे १ कोटी २० लाख चौरस फूट. २०२४ साली इथे ११ कोटी १० लाख लोक आल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. सरासरी काढली तर रोज तीन लाख. तेव्हा ‘जाऊ, बघू, फिरू’ हा आपला नेहमीचा बेत इथे चालत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. हा मॉल बघायला उत्तम आणि खरेदीला बेताचा. शिवाय बघण्यासारखं जे आहे, त्यातलं सगळ्यात चांगलं फुकट आहे.

वार आणि वेळ

सोमवार ते गुरुवार यांतला कुठलाही दिवस निवडा. २०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो, त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार सोडलेलेच बरे. मॉल सकाळी दहाला उघडतो आणि मध्यरात्रीपर्यंत चालतो, सुट्टीच्या दिवसांत आणखी उशिरापर्यंत. तरी सकाळी दहाला जाऊन दारात उभं राहण्यात अर्थ नाही, कारण कारंज्याचे मुख्य खेळ संध्याकाळी असतात आणि तोवर तुमचे पाय संपलेले असतात. दुपारी साडेतीन-चारला पोचा, नऊच्या सुमारास निघा. पाच तास भरपूर झाले. सोबत लहान मुलं किंवा साठीच्या पुढची मंडळी असतील तर त्यातला एक तास बसण्यासाठीच धरा.

रमजानमध्ये सगळ्या वेळा रात्रीकडे सरकतात. उन्हाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, बाहेर ४०-४५ अंश असतात आणि आत एसी इतका गार की बाकावर अर्धा तास बसलं की शाल हवीशी वाटते. एक पातळ स्टोल किंवा जॅकेट पिशवीत असू द्या. कपड्यांबद्दल नियम साधा आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. सलवार-कमीज, साडी, जीन्स, काहीही चालतं. पायात मात्र रोजच्या वापरातले, मळलेले का असेनात, पण सवयीचे बूट घाला. फोटोसाठी घेतलेल्या नव्या सँडल हॉटेलवरच राहू द्या.

मेट्रो घ्या, पण पुलाचा हिशोब ठेवा

मेट्रोच्या लाल मार्गावर ‘बुर्ज खलिफा / दुबई मॉल’ नावाचं स्टेशन आहे. नाव वाचून वाटतं, उतरलो की मॉल. तसं नाही. स्टेशनपासून मॉलपर्यंत सुमारे ८२० मीटर लांबीचा बंदिस्त, वातानुकूलित पूल आहे. त्यावर सरकते पट्टे आहेत, पण ते सलग नाहीत, मध्येमध्ये तुटतात. पट्टा संपतो तिथे पुढची माणसं दोन पावलं टाकून थबकतात, काचेतून बुर्ज दिसला म्हणून फोन काढतात आणि मागून येणाऱ्याची ट्रॉली त्यांच्या पोटरीला लागते. फोटो काढायचाच तर कडेला व्हा. या पुलाला रमतगमत पंधरा मिनिटं लागतात आणि येताना तेवढीच पुन्हा लागतात, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगा.

मेट्रोसाठी नोल कार्ड लागतं. चंदेरी कार्ड २५ दिरहमला मिळतं, त्यात १९ दिरहम प्रवासासाठी शिल्लक असतात. भाडं झोनप्रमाणे ३, ५ किंवा ७.५ दिरहम. प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवायचं. डब्याचा एक भाग फक्त बायका आणि मुलांसाठी असतो, जमिनीवर आणि दारावर गुलाबी खूण असते. पुरुषांनी चुकून तिथे उभं राहिलं तरी १०० दिरहमचा दंड बसू शकतो. गाडीत खाणं-पिणं, च्युइंगम चघळणं, यालाही दंड आहे. शेंगदाण्याची पुडी उघडायची ती स्टेशनबाहेर.

चौघेजण असाल तर टॅक्सी परवडते आणि गुडघ्यांना तर जास्तच परवडते. जाताना टॅक्सी घ्या आणि परतताना मेट्रो, असं मी सुचवेन, कारण रात्री मॉलबाहेर टॅक्सीची रांग लांबलचक असते. चालकाला नुसतं ‘दुबई मॉल’ म्हणू नका, कुठल्या दाराशी सोडायचं तेही सांगा. पहिल्यांदा जाणाऱ्याने ग्रँड एंट्रन्स म्हणावं. कुणा नातेवाइकाची गाडी असेल तर पार्किंगचं नाव, मजला आणि खांबाचा क्रमांक यांचा फोटो काढून घ्या. चौदा हजार गाड्यांची सोय आहे तिथे. जुलै २०२४ पासून ग्रँड, फॅशन आणि सिनेमा या तीन पार्किंगमध्ये आठवड्याच्या दिवशी पहिले चार तास आणि सुट्टीला पहिले सहा तास मोफत, त्यापुढे पैसे, असा नियम झाला. नंबर प्लेट कॅमेरा वाचतो, पावती-बिवती काही नाही.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

दुकानांकडे बघू नका. आधी टच स्क्रीनवाला नकाशा शोधा. चार मजले आहेत: लोअर ग्राउंड, ग्राउंड, पहिला आणि दुसरा. आपण जिथे उभे आहोत तो मजला कुठला, हे बरेच जण पाहतच नाहीत आणि मग पाऊण तास भलत्याच मजल्यावर ‘इथेच तर होतं’ करत फिरतात.

मग भेटायची जागा ठरवा. यासाठी धबधब्याइतकी सोयीची दुसरी जागा नाही. चारही मजल्यांच्या उंचीची, सुमारे २४ मीटरची पाण्याची भिंत आणि तिच्यावरून डोकं खाली, हात पसरून सूर मारणाऱ्या चंदेरी पुरुषांच्या आकृत्या. त्या फायबरग्लासच्या आहेत, तरी खालून बघताना क्षणभर छातीत धस्स होतं. ही जागा कुणालाही विचारली तरी सांगता येते. फक्त मजला ठरवून घ्या, नाहीतर ‘अगं, मी धबधब्यापाशीच आहे’, ‘अहो, मीपण तिथेच आहे’ असा संवाद रंगतो आणि नवरा खाली, बायको वर.

आता महत्त्वाचं. इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून मेसेज जातात, फोटो जातात, पण कॉल लागत नाही. अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर निर्बंध आहेत. भारतातलं सिम रोमिंग न घेता आणलेलं, मॉलचं मोफत वायफाय घेतलेलं आणि भरवसा व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर, अशी मंडळी हमखास एकमेकांना हरवतात. निदान दोघांकडे तरी स्थानिक सिम किंवा रोमिंग असू द्या आणि वेगळं होण्याआधी ‘साडेसहाला, ग्राउंड, धबधबा’ असा मेसेज टाकून ठेवा.

हरवलात तर स्वतःला दोष देऊ नका, मोठे मॉल असेच बांधलेले असतात. वळणारे रस्ते, बाहेरचं जग न दाखवणाऱ्या भिंती, वर जाणारा जिना एकीकडे आणि खाली येणारा भलतीकडे. अमेरिकेत मिनेसोटामधल्या इडाइना गावी १९५६ साली व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुरचनाकाराने साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला. त्याच्या डोक्यात छताखालचा गावचौक होता, लोकांनी भेटावं, गप्पा माराव्यात असा. व्यापाऱ्यांना त्यातलं भलतंच आवडलं: माणूस एक वस्तू घ्यायला येतो, वातावरणाने भुलतो आणि रेंगाळतो. या भुलण्याला पुढे ग्रुएनचंच नाव पडलं, आणि त्याने स्वतः म्हातारपणी या मॉलसंस्कृतीकडे पाठ फिरवली. दुबई मॉलचा आराखडा सिंगापूरच्या डीपी आर्किटेक्ट्सचा. रेंगाळायला लावण्याची कला तिथे चांगलीच मुरलेली आहे.

माशांची टाकी

ग्राउंड फ्लोअरवर, चालता चालता अचानक एका बाजूची भिंत निळी होते. ही मत्स्यालयाची काच: सुमारे ३३ मीटर रुंद, ८ मीटरांहून उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड. खरं तर काच नाहीच, अ‍ॅक्रिलिक आहे. मागच्या टाकीत १ कोटी लिटर पाणी. शार्क येतो तो घाईत नसतो. दात बाहेर, डोळा निर्विकार, शेपटीचा एक सावकाश फटकारा आणि तुमच्या कपाळासमोरून पूर्ण लांबीने निघून जातो. त्यामागून पाकट मासा पोट दाखवत काचेला घासून वर चढतो. पाण्यामुळे सगळं असतं त्यापेक्षा जवळ दिसतं, म्हणून मुलं दचकून मागे सरतात. कधी पाणबुडे आत उतरलेले असतात आणि काचेपलीकडून हात हलवतात.

हे बघायला तिकीट लागत नाही. मॉलच्या रस्त्यावर उभं राहून हवं तेवढा वेळ बघा. तिकीट आहे ते टाकीतून जाणाऱ्या ४८ मीटरच्या बोगद्याचं आणि वरच्या प्राणिसंग्रहालयाचं, जिथे पाच मीटरांहून लांब अशी एक ऑस्ट्रेलियन मगर आहे. लहान मुलं सोबत असतील तर तिकीट काढा, पैसे वाया जात नाहीत. नुसती मोठी माणसं असाल तर बाहेरची काच पुरे. तिकीट खिडकीवर चार-पाच प्रकारचे ‘कॉम्बो’ सुचवतात. काचेच्या होडीतून फेरी, माशांना खाऊ घालणं वगैरे. आधी ठरवून जा, रांगेत उभं राहून ठरवू नका.

आइस रिंकबद्दल एवढंच की कठड्याला टेकून पडणारी माणसं बघण्यात जी मजा आहे ती स्वतः पडण्यात नाही. ऑलिंपिकच्या मापाचं मैदान आहे, तासाच्या हिशोबाने आत सोडतात, बूट तिथेच मिळतात.

बुर्ज खलिफा: वर जायचं का?

८२८ मीटरच्या त्या मनोऱ्यावर जायचा रस्ता मॉलच्या लोअर ग्राउंडवरूनच आहे, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी जमतं. तिकीट ऑनलाइन, वेळेसकट, आधीच काढायचं. १२४-१२५ वा मजला पुरेसा आहे, १४८ व्याचं तिकीट फार महाग. सूर्यास्ताच्या वेळचे दर सगळ्यात चढे असतात आणि गंमत म्हणजे तेव्हाच धुरकट हवेत काही दिसेल याची खात्री नसते. दुपारी चारच्या सुमाराची वेळ घ्या आणि वरून उतरून थेट कारंज्याला जा. वेळेच्या निदान अर्धा तास आधी लोअर ग्राउंडवर हजर राहा, कारण दार सापडायलाच दहा मिनिटं जातात.

कारंजं

मॉलच्या मागे, बुर्जच्या पायथ्याशी तलाव आहे आणि त्यात २७५ मीटर लांबीचं कारंजं. २००९ पासून सुरू. २०२५ च्या एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी बंद केलं आणि ऑक्टोबरपासून पुन्हा चालू झालं. संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिला खेळ, मग साधारण दर अर्ध्या तासाने रात्री अकरापर्यंत. एका खेळात एकच गाणं, जेमतेम चार-पाच मिनिटं. कधी अरबी, कधी इंग्रजी, कधी हिंदीही लागतं, आणि तेव्हा गर्दीतला अर्धा भाग एकदम ‘अरे!’ करतो.

दारातून बाहेर पडल्यावर समोरच कठड्याला गर्दीचा गठ्ठा असतो, तिथे थांबू नका. उजवी-डावीकडे शंभर पावलं चाला, कठडा मोकळा मिळतो. पलीकडच्या सूक अल बहार या बाजाराला (सूक म्हणजे बाजार) जोडणाऱ्या पुलावरून तिरकं पण छान दिसतं. खेळाच्या दहा मिनिटं आधी जागा धरा. पहिला खेळ फोनशिवाय बघा, दुसरा रेकॉर्ड करा. वारा तुमच्या दिशेने असेल तर उंच फवाऱ्याचे तुषार अंगावर येतात, कॅमेरा सांभाळा. आसपासच्या बायका-मुलांचे, अनोळखी कुटुंबांचे फोटो काढायचे नाहीत. तो इथे शिष्टाचाराचा नाही, कायद्याचा मामला आहे.

शेवटचा खेळ बघून निघालात तर सगळा तलावकाठ तुमच्याबरोबर मेट्रोच्या पुलावर असतो. साडेआठचा बघा आणि निघा. मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते, पण रविवारी सकाळी मात्र आठशिवाय सुरू होत नाही.

पोटपूजा

फूड कोर्टमध्ये भारतीय जेवण मिळतं, शाकाहारीही मिळतं. पण मांसाहार न करणाऱ्यांनी विचारल्याशिवाय काही घेऊ नये. बर्गरच्या दुकानांत बीफ सर्रास असतं आणि भाजीच्या सूपमध्येही कधीकधी चिकनचा स्टॉक. विचारलं की नीट सांगतात, काउंटरवर हिंदी समजणारं कुणी ना कुणी सापडतंच. जैन किंवा अगदी घरगुती जेवण हवं असेल तर मॉलमध्ये शोधाशोध करू नका. इथे नाश्त्यावर भागवा आणि रात्रीचं जेवण करामा किंवा बर दुबई या भागांत घ्या. मेट्रोने थोड्याच स्टेशनांचं अंतर आहे आणि बिल निम्म्याहून कमी.

पाण्याची बाटली कॅफेत घेऊ नका. लोअर ग्राउंडवर सुपरमार्केट आहे, तिथे किरकोळ दरात मिळते. स्वच्छतागृहं चकाचक असतात आणि हातफवारा सगळीकडे असतो. हा प्रश्न घरातल्या मोठ्या बायका हळूच विचारतात, म्हणून इथेच उत्तर.

खरेदी, म्हणजे काय घेऊ नये

दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपयात साधारण २४-२५ धरा आणि निघायच्या दिवशीचा दर बघून घ्या. प्रत्येक किमतीला मनात गुणाकार केला की हात आपोआप खिशाबाहेर येतो. आंतरराष्ट्रीय ब्रँडचे कपडे आणि बूट मुंबई-पुण्यातही मिळतात, आणि सेल नसेल तर इथे स्वस्त असतीलच असं नाही. मोबाइल किंवा लॅपटॉप घ्यायचा तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडू नका. खरा सेल म्हणजे डिसेंबर-जानेवारीतला दुबई शॉपिंग फेस्टिव्हल, १९९६ पासून चालत आलेला. तेव्हा मात्र गर्दीची तयारी ठेवा.

खजूर, पिस्ता-कुनाफाचं चॉकलेट, केशर असं घरी न्यायचं सामान सजवलेल्या दुकानांतून नको, सुपरमार्केटमधून घ्या. डब्याला मखमल नसेल, माल चांगलाच असतो. सोनं डेरा भागातल्या गोल्ड सूकमध्ये बघा. सोन्याचा दर रोज जाहीर होतो आणि सगळीकडे तोच असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: भारतात परतताना दागिन्यांवर जी कस्टमची सूट मिळते ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना. आठवड्याच्या सहलीला आलेल्या मावशींना ती लागू नाही. नेसत्या साडीवर घातलेला नवा हारसुद्धा नवाच असतो.

घरगुती वस्तू स्वस्तात हव्या असतील तर इंटरनॅशनल सिटीजवळ ड्रॅगन मार्ट आहे. निवांत फिरायचं असेल तर इब्न बतूता मॉल. तो इब्न बतूता या मध्ययुगीन प्रवाशाने पाहिलेल्या प्रदेशांप्रमाणे सहा भागांत मांडलाय आणि भारताच्या भागात अल-जझरी या मध्ययुगीन यंत्रकाराच्या हत्तीच्या घड्याळाची मोठी प्रतिकृती आहे. मला विचाराल तर गर्दीचा कंटाळा असलेल्यांनी दुबई मॉलला एक संध्याकाळ आणि इब्न बतूताला एक दुपार द्यावी. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये बर्फाचा डोंगर आहे, तोही बाहेरून काचेतून फुकट दिसतो.

कार्डाने पैसे देताना मशीनवर कधी प्रश्न येतो: रुपयात कापू की दिरहमात? रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे जातं. दिरहम निवडा. रुपयाच्या पर्यायात मशीनवाल्या बँकेचा दर लागतो आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

करपरतावा

अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि छापील किमतीत तो धरलेला असतो. पर्यटकांना तो परत मिळतो, पण पूर्ण नाही. दुकान योजनेत सामील हवं, बिल निदान २५० दिरहमचं हवं आणि पासपोर्ट दाखवून बिल करतानाच ‘टॅक्स फ्री’ म्हणून सांगायला हवं. नंतर सांगून उपयोग नाही. व्हॅटच्या ८७ टक्के रक्कम मिळते आणि त्यातून प्रत्येक बिलामागे ४.८० दिरहम कापतात. १,०५० दिरहमच्या बिलात व्हॅट ५०, त्याचे ८७ टक्के ४३.५०, कापून हातात ३८.७०. तेच बिल ३१५ चं असेल तर व्हॅट १५ आणि हातात फक्त ८.२५. म्हणून एकाच दुकानात दोघांनी वेगवेगळी बिलं करू नयेत, एकत्र करावं.

परतावा विमानतळावर मिळतो. बॅगा चेक-इन करण्याच्या आधी व्हॅटच्या मशीनवर किंवा काउंटरवर जायचं, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात आणि तोवर त्या बॅगेत बंद होऊन पट्ट्यावरून गेलेल्या नकोत. घेतलेलं सामान बॅगेत सगळ्यात वर ठेवा, बिलं आणि पासपोर्ट हातात. मुंबईच्या रात्रीच्या विमानांच्या वेळी या मशीनसमोर आपलीच माणसं मोठ्या संख्येने असतात, तेव्हा नेहमीच्या तीन तासांत अर्धा तास वाढवून निघा.